द्वादशीचे पारणे



आम्ही कलाशाखेचे पदवीधर. हयात सरकारी कचेरीत गेली. तरी पन्नाशीनंतर पेशींच्या कारभाराने आम्हांस विचारात पाडले.

डाळी-दुधातील प्रथिनांची पोटात अमिनो आम्ले होतात. ती शरीराच्या विटा आहेत, तसे निरोपही. ल्यूसिन हे आम्ल पुरेसे पोचले की पेशीतील ‘एमटॉर’ बांधकामाचा हुकूम सोडते. आवक थांबली की पेशी स्वतःचे मोडके भाग पचवून निभावते. या स्वयंभक्षणाच्या संशोधनासाठी योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तुटवडा फार लांबला, तर मात्र पेशी मरणपंथास लागते.

उतारवयात स्नायूंना हा हुकूम मंद ऐकू येतो. त्यातच मुले दूरगावी, घरी दोघेच. रात्री चहा-पोळीवर भागते. आमच्या घरीही हेच चालले होते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली प्रौढांस दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने सुचविली. साठ किलोच्या माणसास सुमारे ५० ग्रॅम. मूत्रपिंडाचा विकार असल्यास डॉक्टरांना विचारावे.

आपल्या जबलपूरच्या कृषी विश्वविद्यालयाचे ‘जवाहर सोयाबीन’ विदर्भ-मराठवाड्याच्या शेतांत पोचले. आपल्या ताटात वरणाची वाटी तरी नित्य असावी. एकादशी अवश्य करावी. द्वादशीचे पारणे मात्र चुकवू नये.