उमराव सभेतील बौद्ध वाणी



धम्म स्वीकारला म्हणजे आपले कर्तव्य संपले, असे समजू नका. लॉर्ड एरिक एव्हबरी यांचे चरित्र पाहा. ब्रिटनच्या हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये, म्हणजे उमराव सभेत, १९७१ साली त्यांना वारसाहक्काने जागा मिळाली. जन्माने लाभलेल्या त्या आसनावरून या बौद्ध गृहस्थाने २०१६ मध्ये मृत्यू येईपर्यंत कैदी, निर्वासित व भटके लोक यांच्यासाठी वाणी झिजविली.

२०१० साली समता विधेयक चर्चेस आले. तेव्हा जातिभेदासही त्यात बंदी असावी, अशी दुरुस्ती त्यांनी मांडली. कायद्यात शब्द आले ते एवढेच, की सरकार जातीचा समावेश ‘करू शकेल’. पुढे २०१३ मध्ये त्या जागी ‘केलाच पाहिजे’ असे शब्द आले. तरीही, आपण तसा आदेश काढणार नाही, असे सरकारने २०१८ मध्ये जाहीर केले. तेव्हा जाब विचारण्यास एव्हबरी हयात नव्हते.

बोध हाच, की एका क्रियापदासाठीही सभागृहात कोणीतरी उभे राहावे लागते व बाहेर समाज जागा असावा लागतो. म्हणून मुलामुलींना शिकवा, आणि आपल्या प्रतिनिधीने सभागृहात आपल्यासाठी काय विचारले, याचा हिशेब प्रत्येक अधिवेशनानंतर मागा.

जय भीम!