उचल आणि उमेद



कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास कपिलधारला निघालात, तर मांजरसुंब्याच्या चौकात दोन तऱ्हेचे प्रवासी भेटतात. एक, मन्मथस्वामींच्या समाधीच्या दर्शनाला निघालेल्या दिंड्या. दुसरे, भांडीकुंडी, शेळी, लेकरं असा सगळा संसार ट्रॉलीत भरून ऊसतोडीला चाललेले. हंगाम लवकर लागला, तर हे दुसरे यात्रेआधीच गेलेले असतात.

माणसांकडून काम कसं करून घ्यावं, यावर शहरात शिबिरं होतात, जाडजूड पुस्तकं निघतात. आमच्या बीड जिल्ह्यात हा धडा मुकादमाच्या टोळीत बघायला मिळतो. चांगलाही आणि वाईटही.

या धंद्याची रीत थोडक्यात सांगतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. हंगामाआधी मुकादम प्रत्येक कोयत्याला उचल देतो. ती पुढं टनावारी मजुरीतून फिटते. कारखान्याकडून मुकादमाला तोडीवर कमिशन मिळतं. जानेवारी २०२४ च्या करारात मजुरी ३४ टक्क्यांनी वाढली आणि मुकादमाचं कमिशन एका टक्क्यानं. उचल फिटली नाही, तर बाकी पुढच्या वर्षावर जाते. एखाद्या दिवशी कामावर आला नाही, तर खाडा धरून पैसे कापले जातात.

आता बघा, उचल सगळेच मुकादम देतात. तरी एकाच्या टोळीतली माणसं वर्षानुवर्षं त्याच्याच मागं जातात आणि दुसऱ्याची निम्मी टोळी फेब्रुवारीत रातोरात पळते. मग तो जीप घेऊन शोधत फिरतो आणि माणसं बेइमान झाली म्हणून गावभर सांगतो. पैशानं माणूस बांधला जातो हे खरं. पण बांधलेला माणूस पहिली संधी मिळाली की दावं तोडतो.

माझ्या माहितीतले एक जुने मुकादम होते. शिक्षण बेताचंच. रात्री फडावरून आलं की ते कोप्यांपुढं कंदील ठेवून वजनकाट्याच्या पावत्या मोठ्यानं वाचायला लावायचे. वाचायला टोळीतलाच शाळा शिकलेला एखादा पोरगा असे. आज किती टन, कुणाच्या नावावर किती, बाकी किती राहिली, हे दहा माणसांदेखत. भांडणं तिथंच व्हायची आणि तिथंच मिटायची. वाढे विकून येणारे पैसे टोळीचे, त्याला ते हात लावत नसत. गाडी रात्री दोनला भरायला लागली, तर सकाळी त्या कोयत्यांना उशिरा फडात बोलवायचे. एवढंच. यात शिबिरात शिकवण्यासारखं काय आहे, असं कुणी म्हणेल. पण हिशेब उघडा ठेवणं भल्याभल्या साहेबांना जमत नाही.

मात्र एक गोष्ट त्यांनाही जमली नव्हती आणि ती मला फार टोचते. बाईच्या आजारपणाचा खाडा तेही धरायचेच. खाड्याच्या धास्तीनं बायका दुखणं अंगावर काढतात. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये इतका पेटला, की राज्य सरकारला डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. शस्त्रक्रियांमागं कारणं अनेक, पण आजारपणाच्या दिवसाची भीती त्यातलं एक मोठं कारण, असं मला वाटतं. आजारी माणसाला दंड करायचा आणि वर त्याच्याकडून उमेदीची अपेक्षा ठेवायची, हे कोणत्या हिशेबात बसतं?

कपिलधारची आठवण मी उगीच काढली नाही. मन्मथस्वामी सोळाव्या शतकातले वीरशैव संतकवी, ‘परमरहस्य’ या मराठी ग्रंथाचे कर्ते. त्यांच्या परंपरेचं मूळ बाराव्या शतकातल्या कल्याणात, बसवण्णांपाशी जातं. तिथं श्रमाला ‘कायक’ म्हणत. हा शब्द आपल्या मालकलोकांना फार आवडतो. काम हीच पूजा, अशी पाटी कार्यालयात लावली की झालं! पण कायकाच्या जोडीला ‘दासोह’ होता, म्हणजे मिळालेलं वाटून घेणं, हे पाटीवर कुणी लिहीत नाही. आणि अनुभवमंटपात दोर वळणारा, होडी चालवणारा, चामड्याचं काम करणारा असे सगळे बोलायला बसत. नुसते ऐकायला नव्हे.

त्या काळातली मारय्या आणि लक्कम्मा या जोडप्याची कथा सांगतात. सांडलेले तांदूळ वेचून आणायचे, हे मारय्याचं कायक. एके दिवशी त्यानं नेहमीपेक्षा जास्त आणले, तर लक्कम्मानं ते परत टाकून यायला लावले. ही गोष्ट मजुरांना संतोषाचा उपदेश म्हणून ऐकवतात. मला वाटतं, ती कमिशन घेणाऱ्यांना ऐकवावी.

ते जुने मुकादम निघायच्या दिवशी ट्रॅक्टर मांजरसुंब्याला थांबवून टोळीला कपिलधारला दर्शनाला न्यायचे. एका वर्षी पायऱ्यांवरच एका म्हातारीनं त्यांना अडवलं. म्हणाली, “मुकादम, मागची बाकी किती, ते हितं स्वामींसमोर सांगा. मग पाया पडू.” त्यांनी खिशातून वही काढली आणि पायरीवर बसून वाचायला दिली.