खेळण्यांचें घर

श्रोतेहो, आणि विशेषतः ज्यांच्या घरीं दोन ते सहा वर्षांचें एखादें मूल आहे अशा माझ्या भगिनींनो,

आजचा विषय ऐकून तुमच्यापैकीं कित्येकांना हंसूं येईल. मुलांचीं खेळणीं कोठें व कशीं ठेवावीं याविषयीं नभोवाणीवरून सांगण्याजोगें तें काय आहे, असें तुम्ही म्हणाल. तीन वर्षांपूर्वीं मीहि असेंच म्हटलें असतें. परंतु एका दुपारीं माझ्या हातून एक अपराध घडला, आणि तेव्हांपासून हा विषय मला क्षुल्लक वाटेनासा झाला.

आमचें बिऱ्हाड दोन खोल्यांचें. मुलगा व सून दोघेंहि नोकरीवर जातात आणि नातवाला मी सांभाळतें. त्या वेळीं तो साडेतीन वर्षांचा होता. घरांत खेळण्यांचा नुसता पूर लोटला होता. कांहीं वाढदिवसाचीं, कांहीं सणावारीं आलेलीं, कांहीं पाहुण्यांनीं आणलेलीं. पायाखालीं ठोकळे, गादीखालीं मोटारी, पोळपाटाखालींसुद्धां एखादें चाक! त्या दिवशीं सायंकाळीं पाहुणे यावयाचे होते. नातू झोपला आहेसें पाहून मीं पदर खोंचला आणि सारीं खेळणीं एका मोठ्या पेटाऱ्यांत कोंबलीं. जें मोडकें व निरुपयोगी दिसलें तें कचऱ्यांत टाकलें. त्यांतच दोऱ्याचीं चार रिकामीं रिळें एका सुतळींत ओंवलेलीं होतीं.

नातू उठला आणि म्हणाला, “आजी, माझी आगगाडी कुठं आहे?” मीं पेटारा उघडून दुकानांतून आणलेली, चावीची आगगाडी त्याच्या हातीं दिली. “ही नाही. माझी!” तेव्हां कोठें माझ्या ध्यानांत आलें. कचऱ्याची गाडी केव्हांच निघून गेली होती.

तो रडला, आणि तें रडणें रात्रीं थांबलेंहि. खरें नुकसान पुढेंच दिसून आलें. दुसऱ्या दिवसापासून तो एकहि खेळणें खालीं ठेवीना. निजतांना उशाखालीं ठोकळे, जेवतांना मांडीखालीं मोटार. “बाळ, आवरून ठेव,” असें म्हटलें कीं तो म्हणे, “नको. आवरलं की जातं.”

भगिनींनो, साडेतीन वर्षांच्या मुलाचें हें वाक्य मला फार लागलें. आपण मुलांना व्यवस्थितपणा शिकवूं पाहतों आणि आपल्याच वागणुकीनें त्यांना उलटें शिकवितों. विचार करून पाहा, घरांत मुलाच्या मालकीचें असें असतें तरी काय? त्याचे कपडे आपण निवडतों, जेवणाची वेळ आपण ठरवितों, झोंपेचीहि आपणच. खेळणें हीच काय ती त्याची मालमत्ता. आपल्या कपाटांतील वस्तु न विचारतां कोणी टाकून दिली, तर आपण दुसऱ्या दिवशीं त्या कपाटावर विश्वास ठेवूं काय?

या प्रश्नाचा विचार थोर बालशिक्षकांनीं पूर्वींच करून ठेवलेला आहे. डॉ. मारिया मॉन्टेसरी यांनीं १९०७ सालच्या जानेवारींत रोम शहरांतील सान लोरेंझो या गरीब वस्तींत आपलें पहिलें बालगृह उघडलें. तेथें मुलांना स्वतः उघडतां येतील अशीं बुटकीं कपाटें होतीं. प्रत्येक साधनाची जागा ठरलेली. मुलानें तें आपण होऊन घ्यावें आणि काम संपल्यावर आपल्या हातानें तेथेंच ठेवावें. पुढें १९३९ सालीं त्या हिंदुस्थानांत आल्या आणि मद्रासजवळ अड्यार येथें त्यांनीं शिक्षकांचे वर्ग घेतले. त्याच्याहि आधीं गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनीं भावनगरास हें कार्य आरंभिलें होतें. ताराबाईंनीं तर १९४५ सालापासून बोर्डीस खेड्यांतील मुलांत काम करतांना दाखवून दिलें कीं, महागडीं साधनें नसलीं तरी शंखशिंपले, पानें आणि बिया यांवरहि उत्तम बालशिक्षण होतें. तेव्हां माझ्या नातवाची रिळांची आगगाडी कांहीं सामान्य वस्तु नव्हती!

मुलाचा हात जेथें पोंचतो तेथें खेळणीं असावींत, ही पहिली गोष्ट. यास सुताराची मोठी गरज नाहीं. कपाटाचा सर्वांत खालचा खण मुलाला द्यावा, किंवा भिंतीशीं एक बुटकी मांडणी ठेवावी. मात्र ती भिंतीला पक्की जखडलेली असावी, कारण मुलें खणांवर पाय देऊन चढतात आणि मोकळें कपाट अंगावर येतें.

दुसरी गोष्ट, एका डब्यांत एकच जात. ठोकळ्यांची टोपली निराळी, भातुकलीची निराळी, खडूंचा डबा निराळा. याकरितां जोड्यांचीं रिकामीं खोकीं, बिस्किटांचे डबे, भाजीच्या परड्या किंवा जुन्या लुगड्याच्या नाडीच्या पिशव्या चालतात. मुलाला वाचतां येत नाहीं, म्हणून डब्यावर ठोकळ्याचें किंवा मोटारीचें चित्र चिकटवावें. मोठा पेटारा मात्र मला आतां नकोसा वाटतो. त्याच्या तळाचें खेळणें हवें असलें कीं मूल सगळा पेटारा जमिनीवर उपडा करतें, आणि आपण त्यालाच पसारेखोर म्हणतों. शिवाय जड झांकण हातावर वा मानेवर पडण्याचें भय असतें. मूल आंत शिरून बसलें तर जीव गुदमरण्याचेंहि. पेटारा ठेवावयाचाच असेल तर बिनझांकणाचा ठेवावा.

तिसरी गोष्ट, एका वेळीं थोडींच खेळणीं बाहेर असावींत. अमेरिकेंतील टोलेडो विद्यापीठाच्या संशोधकांनीं दीड ते अडीच वर्षांच्या ३६ मुलांना एकदां चार आणि एकदां सोळा खेळणीं देऊन त्यांचा खेळ न्याहाळला. १९१८ सालीं नव्हे, अगदीं अलीकडे, २०१८ सालीं हें संशोधन प्रसिद्ध झालें. चारच खेळणीं असतांना मुलें एकेका खेळण्याशीं अधिक वेळ रमलीं आणि त्याच्याशीं अधिक तऱ्हांनीं खेळलीं. आमच्या घरीं आतां सहा-सात खेळणीं खालीं असतात आणि बाकीचीं माळ्यावर. पंधरा दिवसांनीं अदलाबदल होते. माळ्यावरून उतरलेली जुनी बाहुली माहेरीं आलेल्या लेकीसारखी नवी वाटते! पण काय वर जावें हें आम्ही नातवाला विचारून ठरवितों, आणि वर गेलेलें पुन्हां खालीं येतें हें त्यानें डोळ्यांनीं पाहिलेलें असतें.

आतां जें सांगणार आहें तें कृपा करून नीट ऐका. घरांत मोठें भावंड व रांगतें मूल दोन्हीं असतील, तर मोठ्याचीं बारीक खेळणीं उंचावर, झांकणाच्या डब्यांत असावींत. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांची परीक्षा करतांना सुमारें ३२ मिलिमीटर तोंडाचें एक नळकांडें वापरतात. जी वस्तु त्यांत पुरती मावते ती मुलाच्या घशांत अडकूं शकते. त्याहून भयंकर म्हणजे बोलक्या खेळण्यांतील गुंडीसारखी चपटी बॅटरी. ती गिळली जाऊन अन्ननलिकेंत अडकली तर दोन तासांच्या आंतहि आंतून भाजते. नुसता संशय आला तरी घरगुती उपाय करीत न बसतां तत्काळ रुग्णालय गांठावें. छोटीं लोहचुंबकेंहि तशींच. दोन गिळलीं गेलीं तर तीं आंतड्यांच्या पदरांतून एकमेकांना ओढतात व आंतड्याला भोंक पाडतात. खेळणें आणतांना त्यावर आय. एस. आय. ची खूण पाहावी. १ जानेवारी २०२१ पासून आपल्या देशांत ती आवश्यक करण्यांत आली आहे.

पावसाळ्याविषयींहि एक शब्द. सावंतवाडीचीं लांकडी फळें असोत कीं चन्नपट्टणचीं लाखेचीं खेळणीं असोत, तीं पाण्यांत बुडवूं नयेत. ओलसर फडक्यानें पुसून कोरडीं करावींत. कापडी बाहुल्या धुऊन कडक उन्हांत वाळवाव्या. माळ्यावरच्या डब्यांत डांबराच्या गोळ्या ठेवूं नयेत, कारण त्या गोळ्या विषारी असून लहान मुलांना पेपरमिटासारख्या दिसतात.

आणि शेवटीं आवरण्याविषयीं. “आवर” असें दारांतून ओरडून मूल आवरीत नाहीं. कोठून आरंभ करावा हेंच त्याला समजत नाहीं. त्याच्याशेजारीं बसावें आणि म्हणावें, “मी ठोकळे घेतें, तूं मोटारी घरीं पोंचव.” दिवेलागणीची दहा मिनिटें पुरतात. मात्र अर्धवट बांधलेला किल्ला असेल तर तो सकाळपर्यंत उभा राहूं द्यावा.

माझ्या नातवाचें काय झालें, हें तुम्हांला ऐकावयाचें असेल. मीं त्याच्यापुढें बसून सांगितलें, “बाळ, तुझी गाडी मीं टाकली. मीं तुला विचारलं नाही. माझं चुकलं.” मग आम्हीं दोघांनीं मिळून एक खण रिकामा केला, आणि “न विचारतां कोणीहि हात लावावयाचा नाहीं” असा एक डबा त्यांत ठेवला. त्यांत आजमितीस दोन बुचें, एक मोडकी किल्ली व चिंचोके आहेत. विश्वास परत यावयास कित्येक आठवडे लागले. पहिल्यानें उशाखालून ठोकळे गेले, मागाहून मोटार.

गेल्या दिवाळीच्या साफसफाईंत तो आपण होऊन एक तुटकें विमान घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, “आजी, हे आता गेलं तरी चालेल.” घर लख्ख झालें होतें, पण त्या सबंध साफसफाईंत मला समाधान वाटलें तें या एका वाक्याचें.