संगणकास विचारावयाचा प्रश्न : सांख्यिकी फंक्शनांची सुस्पष्ट मांडणी
(भाषणाचा मजकूर)



अर्जाच्या छापील नमुन्यात 'क्षेत्र' असा रकाना असावा, पण ते हेक्टरमध्ये लिहावयाचे की गुंठ्यांत याचा उल्लेख नसावा, असे पुष्कळदा घडते. शेतकरी गुंठे लिहितो, कारकून हेक्टर समजतो. दोघेही प्रामाणिक असतात, तरीही नोंद चुकते. दोष नमुन्याचा असतो. सांख्यिकीच्या संगणकीय आज्ञावलींतही हाच प्रश्न उद्भवतो.

आज्ञावलीतील ठराविक काम करून देणाऱ्या घटकास 'फंक्शन' म्हणतात. त्याला नाव असते, आपण त्यास माहिती पुरवितो व ते उत्तर देते. आतील गणित कितीही अचूक असो. ही बाहेरची मांडणी संदिग्ध असेल, तर उत्तरावर विसंबता येत नाही.

पावसाचे उदाहरण घ्या. मासिक पर्जन्यमानाच्या अभ्यासात 'गॅमा वितरण' वापरतात. त्यासाठी 'आकार' आणि आणखी एक संख्या द्यावी लागते. नाव न लिहिता दिलेली ही दुसरी संख्या 'आर' भाषेत 'दर' समजली जाते, तर पायथनच्या 'नमपाय' संचात 'माप' समजली जाते. दर हा मापाचा व्यस्त होय. आकार २ आणि दुसरी संख्या ३ दिल्यास एकीकडे सरासरी ०.६७ येते व दुसरीकडे ६. फरक नऊपट, आणि संगणक अवाक्षर काढीत नाही! संख्येसोबत तिचे नाव लिहिले की संदेह उरत नाही.

दुसरे उदाहरण शिक्षकांच्या जिव्हाळ्याचे आहे. एखादा विद्यार्थी शाळा सोडण्याचा संभव किती, हे काढण्यासाठी लॉजिस्टिक प्रतिमान वापरतात. 'आर'मधील प्रचलित फंक्शनास केवळ अंदाज मागितला, तर ते संभाव्यता देत नाही. संभव व असंभव यांच्या गुणोत्तराचा लॉगॅरिदम देते. उत्तर उणे १.१ आले तर वाचणारा निदान थबकतो. पण ०.३ आले तर तो शेकडा ३० समजून पुढे जातो. वास्तविक संभाव्यता शेकडा ५७ असते. ज्या मुलाच्या घरी आधी जावयास हवे, त्याचे नाव यादीत खाली राहते.

काही न सांगितल्यास जे गृहीत धरले जाते, त्याची निवडही जबाबदारीची असते. 'आर' पूर्वी तक्त्यातील अक्षरी मजकुराचे आपोआप वर्गांत रूपांतर करी. हे गृहीतक २०२० साली ४.०.० या आवृत्तीत बदलले, तेव्हा त्यावर विसंबलेल्या जुन्या आज्ञावली तपासाव्या लागल्या.

उत्तम मांडणीचाही दाखला आहे. विल्किन्सन व रॉजर्स यांनी १९७३ साली प्रतिमाने लिहिण्याची एक चिन्हपद्धती मांडली. तिच्याच परंपरेतील सूत्रलेखन पुढे 'एस' व 'आर' या भाषांत रूढ झाले. 'उत्पन्न ~ पाऊस + खत' एवढे लिहिले की कशावर काय अवलंबून आहे ते वाक्यासारखे वाचता येते, आणि तेच सूत्र अनेक पद्धतींना चालते.

सारांश, फंक्शन रचणाऱ्याने नावे अर्थवाही ठेवावीत, एकके सांगावीत, गृहीतके उघड लिहावीत आणि संदेह असेल तेथे अंदाज न बांधता थांबून विचारावे. वापरणाऱ्यानेही, ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे असे लहान उदाहरण प्रथम करून पाहावे. आकड्यांवरून निर्णय होतात व निर्णय माणसांवर होतात, हे विसरून चालणार नाही.