पंच ज्युदा रूबेन आणि आजचे बहिष्कार



अध्यक्षपदावरून बोलायला मी जो विषय घेतला आहे, तो आपल्या आखाड्यांपासून नि कबड्डीच्या मैदानांपासून फार लांबचा वाटेल. आंतरराष्ट्रीय खेळांत इस्रायलवरून पेटलेले वाद आणि त्यातून होणारे ज्यूद्वेषाचे आरोप, असा तो विषय आहे. 2025च्या सप्टेंबरात स्पेनच्या सायकल शर्यतीचा शेवटचा टप्पा पॅलेस्टाईन-समर्थकांच्या निदर्शनांमुळे माद्रिदमध्ये अर्ध्यावर सोडावा लागला. पुढच्याच महिन्यात जकार्तातल्या जागतिक जिम्नॅस्टिक्स स्पर्धेसाठी इंडोनेशियानं इस्रायली खेळाडूंना व्हिसा नाकारला. एक पक्ष म्हणतो, हा उघड ज्यूद्वेष आहे. दुसरा म्हणतो, हा गाझाचा जाब आहे. बंदी नेमकी कुणावर आहे, राज्यसंस्थेवर, तिच्या क्रीडासंघटनेवर की एका धर्मात जन्मलेल्या माणसावर, हे मात्र दोघेही नीट विचारत नाहीत. माझ्या मते सगळा निवाडा या एका प्रश्नावर अवलंबून आहे.

या प्रश्नाचं उत्तर महाराष्ट्राच्या अनुभवात सापडतं. 1975 साली कोलकात्यात टेबल टेनिसची जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा भारत सरकारनं इस्रायल आणि दक्षिण आफ्रिका या दोन्ही संघांना प्रवेश दिला नाही. त्याच काळात ज्युदा रूबेन हे मुंबईचे बेने इस्रायली ज्यू गृहस्थ कसोटी सामन्यांत पंच म्हणून उभे राहत होते. कोकणात ज्यांना शनवार तेली म्हणत, त्या समाजातले. 1969 ते 1977 या काळात त्यांनी दहा कसोटी सामन्यांत पंच म्हणून काम केलं. जानेवारी 1977मध्ये मद्रासला इंग्लंडच्या जॉन लीव्हरच्या कपाळावरची व्हॅसलीन लावलेली गॉजची पट्टी गोलंदाजी करताना सुटली. ती रूबेन यांनी पाहिली आणि रीतसर वर कळवली. चेंडूला लकाकी आणण्यासाठी तिचा वापर झाला का, यावर मोठा गदारोळ उठला. भारताचे इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध तेव्हा नव्हते. ते 1992मध्ये आले. तरीही एका राष्ट्राच्या संघाला दार बंद करणाऱ्या देशात ज्यू धर्माचा नागरिक पांढरा कोट घालून निर्णय देत होता, आणि त्यात कुणाला विसंगती वाटायचं कारण नव्हतं. राज्यसंस्थेवरचा राग आणि माणसाचा धर्म हे दोन हिशेब वेगळे ठेवता येतात, याला आणखी कोणता पुरावा हवा?

यावर कुणी म्हणेल, खेळात राजकारण आणूच नये. हे ऐकायला गोड आहे, पण टिकत नाही. 1974मध्ये भारतानं डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत दक्षिण आफ्रिकेशी खेळायला नकार देऊन चषकावर पाणी सोडलं. तिथली संघनिवडच वर्णावर चालत होती, म्हणून तो नकार योग्य होता. युक्रेनच्या व्यापलेल्या प्रदेशातल्या क्रीडासंस्था आपल्यात सामील करून घेतल्यामुळे 2023मध्ये रशियाची ऑलिम्पिक समिती निलंबित झाली. मग इस्रायललाही हाच निकष लावा, असं कुणी म्हटलं, तर त्या मागणीशी वाद घालता येईल, पण तिला ज्यूद्वेष म्हणून गप्प बसवता येणार नाही.

यजमानाची गोष्ट मात्र निराळी. 1962च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत इंडोनेशियानं इस्रायल आणि तैवानला येऊ दिलं नाही. आपले क्रीडाप्रशासक गुरुदत्त सोंधी यांनी त्यावर आक्षेप घेतला, तर जमावानं जकार्तातला भारतीय दूतावास फोडला आणि फुटबॉलच्या अंतिम सामन्यात प्रेक्षकांनी भारतीय संघाची हुर्यो उडवली. भारतानं सुवर्णपदक जिंकलं, हा भाग वेगळा! सर्वांना बोलावून ऐन वेळी काहींना दार लावणं हा नियमभंगच होता. पण तोच नियमभंग 2019मध्ये दिल्लीच्या नेमबाजी स्पर्धेत पाकिस्तानी खेळाडूंना व्हिसा नाकारून आपणही केला, हे सोयीस्करपणे विसरू नये.

खरी सीमा ओलांडली जाते ती व्यक्तीच्या बाबतीत. जानेवारी 2024मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या क्रिकेट मंडळानं डेव्हिड टीगर या ज्यू खेळाडूचं 19 वर्षांखालील संघाचं कर्णधारपद काढून घेतलं. त्यानं इस्रायली सैनिकांचं कौतुक केलं होतं, हे खरं. ते अनेकांना खटकलं, हेही समजण्यासारखं आहे. पण स्वतंत्र चौकशीत तो निर्दोष ठरला होता. मंडळानं सुरक्षेचं कारण दिलं, आणि मुलाला मात्र संघात ठेवलं. धोका होता तर तो कर्णधारपदापुरताच कसा? याचं पटण्याजोगं उत्तर मिळत नाही, तोवर ज्यूद्वेषाचा संशय रास्तच राहील.

या दुखण्याला आपणही अपवाद नाही. ऑक्टोबर 2021मध्ये दुबईत पाकिस्तानकडून हरल्यावर मोहम्मद शमीवर धर्मावरून चिखलफेक झाली. त्या दिवशी त्याच्या गोलंदाजीला मार पडला हे लिहिणं क्रीडासमीक्षा होती. त्याला दुसऱ्या देशाचा हस्तक ठरवणं ही विषपेरणी होती.

म्हणून मंचर, घोडेगाव, नारायणगाव, ओतूरच्या मैदानांवर माईक हातात घेणाऱ्या आणि वर्तमानपत्रांना बातम्या धाडणाऱ्या आपणा सर्वांना माझी विनंती आहे. टीका करायची असेल तेव्हा सरकारचं, संघटनेचं आणि कृतीचं नाव घ्या. खेळाडूच्या धर्माचं किंवा जातीचं नाव तोंडी येऊ लागलं, तर ते वाक्य तिथंच थांबवा.