जत्रेतली आमची जागा

(सांगली येथे झालेल्या हितचिंतकांच्या मेळाव्यात वसतिगृहातील एका विद्यार्थिनीने केलेले भाषण.)



मी काय शिकते आहे आणि त्यातून मला काय मिळाले, हे थोडक्यात सांगावे असे मला कळवले आहे. मी सण, जत्रा आणि मोठ्या कार्यक्रमांच्या व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम करते आहे. कॉलेजात त्याला इव्हेंट मॅनेजमेंट म्हणतात. दुसरे वर्ष चालू आहे. आमच्या पालावर आजीला हे सांगितले तेव्हा तिने विचारले, "म्हणजे मांडव घालायचं शिकतीस? त्याला कॉलेज कशाला लागतंय?" आजीचे निम्मे बरोबर होते. उरलेले निम्मे मी आज आपल्याला सांगणार आहे.

आम्ही फासेपारधी. माझी आई जत्रांतून फुगे, पिपाण्या आणि भिंगऱ्या विकते. आमच्या घरचे वर्ष जत्रांवर मोजले जायचे. म्हसवडचा रथ झाला की पुसेगाव, पुसेगाव झाले की पालचा खंडोबा, मग चैत्रात खरसुंडी. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतले रस्ते मला शाळेतल्या नकाशाआधी आईच्या पाठीवरून माहीत झाले.

पण जत्रा म्हटले की माझ्या कानात ढोलाच्या आधी गाडीचा आवाज येतो. मोठी जत्रा असली की आदल्या पहाटे पालांवर पोलिसांची गाडी यायची. चोरी व्हायच्या आधीच चोर धरायला आलेली. एकदा माझ्या वडिलांना जत्रा संपेपर्यंत दोन दिवस बसवून ठेवले. तक्रार कुणाचीच नव्हती. तिसऱ्या दिवशी सोडले, तेव्हा आमचे फुगे विकायचे दिवस संपले होते.

याचे मूळ फार मागे आहे. इंग्रजांनी 1871 साली केलेल्या कायद्याने काही जमातींवर जन्मापासूनच गुन्हेगारीचा शिक्का मारला. पुढे आमच्या जमातीचे नावही त्या यादीत आले. 31 ऑगस्ट 1952 रोजी तो कायदा गेला. कागदावरचा शिक्का पुसला, पण लोकांच्या डोळ्यांतला तसाच राहिला. म्हणून मी ज्या दिवशी हा अभ्यासक्रम निवडला, त्या दिवशी माझा मनातला हेतू फार उदात्त नव्हता. मला फक्त जत्रेत एकदा गळ्यात ओळखपत्र घालून उभे राहायचे होते.

पहिल्याच तासाला बाईंनी फळ्यावर एक रिकामा चौकोन काढला आणि विचारले, "या मैदानात 5000 माणसे येणार आहेत. सगळ्यात आधी काय ठरवाल?" आम्ही म्हणालो, स्टेज, लाइट, गायक. बाईंनी खडूने चौकोनाच्या कडेला फटी पाडल्या आणि म्हणाल्या, "बाहेर पडायच्या वाटा." त्यानंतर पाणी, शौचालये, रुग्णवाहिकेचा रस्ता, जनरेटरजवळ वाळूच्या बादल्या. पोलिसांची आणि अग्निशमन दलाची परवानगी. ध्वनिक्षेपकाचे 2000 सालचे नियम, म्हणजे वस्तीत दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा. स्टेजची पाळी सगळ्यात शेवटी आली.

या धंद्याला आपण नवा समजतो. पण त्याचा एक धागा याच सांगलीत आहे. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीच्या राजवाड्यात 'सीतास्वयंवर' नाटक केले, हे आपण सारे जाणतो. त्याचा सगळा खर्च संस्थानाने उचलला होता. चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन 1851 साली वारले आणि तो आधार सुटला. मग भाव्यांनी मंडळी घेऊन गावोगाव फिरायला सुरुवात केली आणि 1853 साली मुंबईत तिकीट लावून खेळ केले. आमच्या सरांनी हा इतिहास सांगून विचारले, "तिकीट आले तेव्हा काय बदलले?" कुणालाच उत्तर आले नाही. सर म्हणाले, "राजाच्या वाड्यात प्रेक्षक पाहुणा होता. तिकीट घेतल्यावर त्याचा जागेवर हक्क झाला." ते वाक्य मी वहीत लिहून ठेवले. ज्यांच्याकडे तिकीट नाही त्यांची जागा कोणती, हा प्रश्न मी त्याखाली लिहिला. तो विचारायचे धाडस मात्र झाले नाही.

दुसऱ्या सत्रात आम्हाला सातारा जिल्ह्यातल्या मांढरदेव यात्रेचा अभ्यास करायला दिला. वाई तालुक्यात डोंगरावर काळूबाईचे देऊळ आहे. 25 जानेवारी 2005 रोजी, पौष पौर्णिमेला, तिथे चेंगराचेंगरी झाली आणि 290 हून अधिक माणसे गेली. चौकशीसाठी निवृत्त न्यायमूर्ती राजन कोचर यांचा आयोग नेमला गेला. आम्ही त्या वाटेवर चढून गेलो, वाटेची रुंदी मोजली, पायऱ्या मोजल्या.

तेव्हा मला कळले की चेंगराचेंगरीत बहुतेक माणसे पायाखाली तुडवली जाऊन मरत नाहीत. ती उभ्या उभ्या मरतात. चौरस मीटरभर जागेत पाचाहून जास्त माणसे झाली की गर्दी पाण्यासारखी वाहू लागते, कुणाचे पाय कुणाच्या ताब्यात राहत नाहीत. छातीवर चहूकडून दाब येतो आणि श्वास कोंडतो. मागच्याला पुढचे दिसत नाही, म्हणून तो ढकलतच राहतो. त्याच्या मनात वाईट काहीच नसते. सपाट रस्त्यावर एक मीटर रुंदीतून मिनिटाला साधारण 80 माणसे जाऊ शकतात. पायऱ्यांवर त्याहून कमी. हा हिशेब आधी केला तर माणसे वाचतात.

मांढरदेवला वाट अरुंद होती. फोडलेल्या नारळांच्या पाण्याने पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या. दुकानांना आग लागली, गॅसचे सिलिंडर फुटले. आणि वाटेच्या दोन्ही बाजूंना दुकाने होती, त्यांनी आधीच अरुंद असलेली वाट आणखी आवळली होती.

बंधू-भगिनींनो, हे शेवटचे वाक्य मी अभ्यासाच्या कागदांत वाचले आणि त्या रात्री मला झोप आली नाही. वाटेच्या कडेची दुकाने म्हणजे कोण? आमच्यासारखेच लोक. माझी आई अशाच वाटेच्या कडेला बसते, कारण गिऱ्हाईक तिथूनच जाते. म्हणजे आम्हाला हुसकणारे बरोबर होते का? मी ज्यांच्या बाजूने शिकायला आले, त्यांच्याविरुद्धच हे शिक्षण उभे राहते की काय, असे मला वाटू लागले.

याचे उत्तर मला पुस्तकात मिळाले नाही. थोडेसे मिळाले ते पालखीच्या वाटेवर. आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वर माऊलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते आणि लोणंद, तरडगाव, फलटण या वाटेने जाते. या सोहळ्याला आजची शिस्त लावली ती हैबतबाबा आरफळकरांनी, एकोणिसाव्या शतकात. ते सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे. आम्ही दोन दिवस त्या वाटेवर चाललो. लाखो माणसे असतात, पण ती नुसती गर्दी नसते. प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या दिंडीतला असतो. प्रत्येक दिंडीला क्रमांक असतो, रथापुढे किंवा रथामागे तिची जागा ठरलेली असते. दिंडीचा स्वयंपाक वेगळा, तंबू वेगळा. एखादी म्हातारी मागे राहिली तर तिच्या दिंडीला संध्याकाळी कळते.

मला तेव्हा शुभवर्तमानातली पाच हजारांच्या भोजनाची गोष्ट आठवली. लहानपणापासून ऐकलेली. आम्ही नेहमी भाकरी आणि मासे मोजले. त्याआधी लोकांना शंभर शंभर आणि पन्नास पन्नासच्या पंक्तींनी हिरवळीवर बसवले होते, हे माझ्या लक्षात कधी राहिले नव्हते. आणि जेवण झाल्यावर उरलेले तुकडे गोळा केले. बसवणारे हात होते आणि आवरणारेही हात होते.

कासच्या पठारावरही मी हेच पाहिले. 2012 साली पश्चिम घाटाबरोबर ते जागतिक वारसा यादीत गेले आणि फुलांच्या दिवसांत माणसांचा लोंढा सुरू झाला, फुले तुडवली जाऊ लागली. मग दिवसाला 3000 माणसांची मर्यादा घातली, ऑनलाइन नोंदणी आणली. पण मला महत्त्वाचे वाटले ते वेगळेच. आसपासच्या गावांची समिती वनखात्याबरोबर तिथली व्यवस्था पाहते. गाड्या लावून घेणारी, वाट दाखवणारी, कचरा उचलणारी मुले त्याच गावांतली असतात. व्यवस्था लावायची म्हणून तिथल्या माणसांना हाकलले नाही, त्यांनाच व्यवस्थेत घेतले.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगते. ती सांगायला मला जड जाते.

गेल्या वर्षी प्रशिक्षणासाठी मी एका कंत्राटदाराकडे होते. माणदेशातल्या एका गावच्या यात्रेचे काम होते. माझ्या गळ्यात ओळखपत्र आले, हातात वॉकीटॉकी आली. पहिल्याच संध्याकाळी साहेबांचा आवाज आला, "देवळाच्या वाटेवरचे फुगेवाले उठव." मी गेले. एक म्हातारी बाई पोत्यावर पिपाण्या मांडून बसली होती. मी तिला म्हटले, "उठा, इथं बसायचं नाही." ती म्हणाली, "कुठं बसू मग, बाई?" मी म्हटले, "ते मला माहीत नाही. इथून उठा." तिने पोते गुंडाळले. तिच्या हाताला जी सवय होती ती मी ओळखली. पोत्याची चार टोके एका हाताने धरायची आणि दुसऱ्या हाताने पोराला उचलायचे. माझी आई असेच करायची. ते पोर मी होते.

अर्ध्या तासाने ती बाई परत त्याच वाटेवर होती. जाणार कुठे? आणि आता गर्दी दुप्पट झाली होती, म्हणजे धोकाही दुप्पट. तेव्हा मला माझ्या झोप न आलेल्या रात्रीचे उत्तर कळले. वाट मोकळी हवी हे खरेच. पण नुसते उठवून वाट मोकळी होत नाही. ज्याला जागा दिलेली नाही, तो नको त्या जागी आणि नको त्या वेळी परत येतो.

रात्री मी साहेबांकडे गेले. माझे पाय कापत होते. मी म्हटले, "सर, वाहनतळाहून देवळाकडे वळतो तिथे पडीक जमीन आहे. चुन्याने आखून द्या, क्रमांक घाला. येणारी प्रत्येक गाडी तिथेच थांबते, म्हणजे गिऱ्हाईक मिळेल." ते वैतागले, मग म्हणाले, "बारा जागा. कचरा झाला तर तुला जबाबदार धरीन." मी पहाटे चुना घेऊन बसले. ती म्हातारी मला सापडली. तिला चौथा क्रमांक दिला. ती काही बोलली नाही. माझ्या ओळखपत्राकडे तिने थोडा वेळ पाहिले, एवढेच.

दुपारी एक हरवलेले पोर आमच्या कक्षात आले. त्याला घेऊन आला होता सातव्या क्रमांकाचा फुगेवाला. ज्यांना चोर म्हणून उठवतात, त्यांचेच डोळे दिवसभर वाटेवर असतात. हे आजवर कुणी कामात आणले नव्हते.

यातून सगळे बदलले असे मी म्हणणार नाही. पुढच्या यात्रेत चुना मारायला वेळ नव्हता आणि पुन्हा सगळ्यांना उठवले. या धंद्यात काम हंगामी असते. मांडव बांधणाऱ्या, वाढप्या, झाडू मारणाऱ्या माणसांचे पैसे कितीदा महिनोन्महिने थकतात. मुलींना रात्रीचे काम असले की घरी परत कसे जायचे हा प्रश्न असतो. 2014 साली फेरीवाल्यांच्या रोजगाराच्या संरक्षणाचा कायदा झाला, पण आज इथे तर उद्या तिथे भरणाऱ्या जत्रेतल्या फिरत्या बाईपर्यंत तो फारसा पोहोचलेला मला दिसला नाही. तरीही मी हेच काम करणार आहे. आमच्या पालांवरच्या मुलांना गर्दी वाचता येते, रात्र जागता येते, मांडव उभारता येतो. त्यांच्या गळ्यातही ओळखपत्र यावे असे मला वाटते.

आपण मला शिकवले, त्याबद्दल आभार मानायला शब्द अपुरे आहेत. एक विनंती मात्र करते. पुढच्या कापणीच्या सणाला, संमेलनाला, लग्नाला आपण मांडव घालाल, तेव्हा आराखडा काढताना दोन जागा आधी आखा. एक, माणसांना बाहेर पडायची वाट. दुसरी, फाटकाशी फुगे घेऊन येणाऱ्या बाईची जागा. ती येणारच आहे. तिला कुठे बसायचे ते आपणच सांगितले, तर तिला कुणी उठवणार नाही.

आजीला मी हे सगळे सांगितले. ती म्हणाली, "मग मांडवच की." मी म्हटले, "होय आजी, पण आपल्याला धरून."