मेण, रंग आणि ऐनाची साल
(पारितोषिक वितरण समारंभातील भाषण)



मी व्याख्याती नव्हे, मेणात आणि रंगात हात बुडवणारी कारागीर आहे. तरीही आपण मला बोलावलेत, याबद्दल मी आभारी आहे.

बाटिकची रीत सोपी आहे. कापडाचा जो भाग पांढरा ठेवायचा, त्यावर वितळलेले मेण लावायचे आणि कापड पिवळ्या रंगात बुडवायचे. मेणाखाली रंग शिरत नाही. मग जे पिवळे राहायला हवे ते मेणाने झाकून तांबड्यात, त्यानंतर गडद रंगात. रंग गार हवा, नाहीतर मेणच वितळते. सरतेशेवटी मेण काढले की चित्र उमटते.

जावा बेटावर ही कला फार वाढली. १९२७ साली रवींद्रनाथ ठाकूर तिकडे गेले, तेव्हा चित्रकार सुरेंद्रनाथ कर त्यांच्याबरोबर होते. पुढे शांतिनिकेतनात बाटिक रुजले. पण कच्छमधील मुंद्र्याचे खत्री आणि उज्जैनजवळच्या भैरवगडचे छिपा हे मुसलमान कारागीरही हे काम पिढ्यानपिढ्या करीत आले आहेत. म्हणून ही कला आपल्याला परकी नाही.

आपला भंडारा तलावांचा जिल्हा. सुरुवातीला मी पुस्तकांतील नक्षी उतरवीत असे. पुढे कमळाचे पान, शिंगाड्याची वेल, पळसाचे फूल यांकडे पाहू लागले. एकदा वैशाखात आटलेल्या तलावाच्या भेगा पाहिल्या आणि वाटले, हेच तर बाटिक! मेणाला तडे जाऊन त्यांत रंग उतरतो, त्या रेषा अशाच असतात. मधमाश्यांचे मेण लवचिक, तर पॅराफिन ठिसूळ. पॅराफिन वाढवले की भेगा वाढतात. ते प्रमाण साधायला मला कित्येक वर्षे लागली.

एक चूक सांगते. आंधळगावच्या एका विणकराने मला कोशाचे कापड दिले. सुती कापडासारखेच मी ते मेण काढण्यासाठी सोड्याच्या पाण्यात उकळले. मेण गेले, पण रेशमाची चमकही गेली. विणकरदादा रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "बाई, किड्याने अन्‌ आम्ही जे केलं, ते आधी ओळखा." मला मान वर करवेना. तेव्हापासून रेशमावरचे मेण मी कागदात धरून इस्त्रीने काढते, आणि नवा रंग आधी तुकड्यावर तपासते. काही अ‍ॅझो रंगांवर आरोग्याला घातक म्हणून आपल्या देशात बंदी आहे, हेही त्यानंतरच शिकले.

मग मी तो किडा पाहायला गेले. टसरची अळी ऐन आणि अर्जुन यांची पाने खाते. ऐनाची साल पाहिलीत? सुसरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगांची! ज्या झाडावर हे रेशीम जन्मते, त्याच झाडाच्या सालीची नक्षी मी आता कोशावर काढते.

मुलामुलींनो, हातमागाचे घर सोडून शिकायला आलात म्हणून त्या मागाची लाज बाळगू नका. मेणाचे प्रमाण हे गणित आहे, रंग आणि सोडा हे रसायनशास्त्र आहे. ते मला वेळेवर कळले असते, तर एका माणसाची मेहनत वाया गेली नसती. तुम्ही शिका, आणि शिकलेले घरी घेऊन जा. कारागिराच्या हाताला तुमच्या विद्येची गरज आहे.